वाद मिटेपर्यंत पैसा कोणाकडे?



प्रवासाहून परतलेल्या माणसाच्या पासबुकात एखादी न समजणारी नोंद निघावी, ही घटना वरवर पाहता किरकोळ वाटते. बेकारी, शेतमालाचे भाव, पिण्याचे पाणी असे प्रश्न समोर असताना डेबिट कार्डावर चुकून कापल्या गेलेल्या तीन-चार हजार रुपयांची चर्चा सार्वजनिक व्यासपीठावर कशाला, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. परंतु आर्थिक व्यवहारांतील सत्ता कोणाच्या हाती आहे, हे मोठ्या घोषणांपेक्षा अशा किरकोळ नोंदींतूनच अधिक स्पष्टपणे कळते. चूक कोणाचीही असो. ती दुरुस्त होईपर्यंत तोटा कोणी सोसावयाचा, पुरावा कोणी द्यावयाचा आणि खेटे कोणी घालावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे एखादी व्यवस्था कशी देते, यावर तिची पारख करता येते.

शिवाय हा प्रश्न आता मूठभर सुखवस्तू प्रवाशांचा राहिलेला नाही. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि २०२३ च्या ऑगस्टपर्यंत तिच्या खात्यांची संख्या ५० कोटींच्या पुढे गेली. या खात्यांबरोबर रुपे डेबिट कार्ड देण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्यांच्या हाती पूर्वी पासबुकसुद्धा नव्हते, त्यांच्या हाती कार्ड आले. बीडहून कोल्हापूरच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला जाणारा मजूर हाही प्रवासीच आहे, बांधकामासाठी गाव सोडणारा गवंडीही प्रवासीच आहे, आणि साठवलेल्या पुंजीवर काशी-रामेश्वर करणारे वृद्ध जोडपेही प्रवासीच आहे. यांच्या खात्यातून चुकीने गेलेले पाच हजार रुपये म्हणजे घरातील महिन्याचा किराणा असतो किंवा मुलाच्या शाळेची फी असते.

या विषयाचे मर्म एका साध्या भेदात आहे. क्रेडिट कार्डाने केलेला खर्च हा काही काळ बँकेचा पैसा असतो. बिल येते, ग्राहक ते वाचतो, चूक आढळल्यास हरकत घेतो. वाद सुरू होतो तेव्हा ती रक्कम बहुधा अजून भरावयाची असते. डेबिट कार्डाचे उलट आहे. तेथे रक्कम तत्क्षणी ग्राहकाच्या खात्यातून जाते आणि वाद मागाहून सुरू होतो. एकात बँक आपला पैसा मागत असते, दुसऱ्यात ग्राहक आपला पैसा मागत असतो. जो मागतो त्यालाच थांबावे लागते, अर्ज करावे लागतात आणि पुरावे गोळा करावे लागतात. क्रेडिट कार्ड सामान्यतः पत असलेल्याला मिळते. डेबिट कार्ड सर्वांना मिळते. परिणामी, ज्याला थांबणे परवडते त्याचा पैसा वादकाळात त्याच्याकडे राहतो, आणि ज्याला एक आठवडाही थांबणे परवडत नाही त्याचाच पैसा अडकतो. यात कोणाचा कट नाही. व्यवहाराच्या रचनेतच ही विषमता आहे. म्हणूनच ती केवळ सौजन्याने दूर होत नाही, तिला नियमाचा उतारा लागतो.

विषय नीट समजावा म्हणून एक उदाहरण कल्पावे. सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त एस.टी. कंडक्टर पत्नीसह प्रयागराज आणि वाराणसीच्या यात्रेला गेले आहेत. ४ नोव्हेंबरला प्रयागराज येथील एका ए.टी.एम.मधून त्यांनी ५,००० रुपये काढण्याचा प्रयत्न केला. यंत्र घरघरले, नोटा आल्या नाहीत, खात्यातून रक्कम मात्र गेली. ६ नोव्हेंबरला वाराणसीच्या लॉजचे तीन रात्रींचे ३,६०० रुपये देताना पहिल्या वेळी यंत्राने व्यवहार अपूर्ण असल्याचे दाखविले, म्हणून कार्ड पुन्हा लावले. पैसे दोन्ही वेळा कापले गेले. ७ नोव्हेंबरला भोजनालयात ४३० रुपयांच्या बिलासाठी नोकराने घाईत ४,३०० हा आकडा दाबला आणि गर्दीत आकडा न पाहता पिन दिला गेला. १२ नोव्हेंबरच्या रात्री परतीच्या गाडीत ते झोपलेले असताना कोणा अनोळखी विक्रेत्याच्या नावे २,४९९ रुपये गेले. घरी आल्यावर पासबुक छापून घेतले तेव्हा वादग्रस्त रकमांची बेरीज भरली १४,९६९ रुपये.

अशा वेळी माणूस शाखेत जाऊन एवढेच म्हणतो, ‘‘माझे पंधरा हजार गेले.’’ खिडकीपलीकडून उत्तर येते, ‘‘अर्ज द्या, बघू.’’ येथेच पहिला घोटाळा होतो. कारण पासबुकात एकाखाली एक छापलेल्या या चार नोंदी दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांची जात वेगळी आहे, त्यांना लागू होणारे नियम वेगळे आहेत आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या आहेत. चारही तक्रारी एकाच अर्जात कोंबल्या, तर सर्वांत अवघड तक्रारीच्या गतीने बाकीच्या तीन चालतात. प्रत्येक नोंदीसाठी वेगळा अर्ज, हा या कामातील पहिला धडा होय.

पहिल्या दोन नोंदी अपूर्ण व्यवहाराच्या आहेत. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. त्यात असे ठरविण्यात आले की, ए.टी.एम.मधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेली असेल, किंवा दुकानातील यंत्रावर कार्ड लावल्यावर रक्कम गेली पण दुकानदाराकडे व्यवहार पूर्ण झाल्याची खूण पोहोचली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम बँकेने आपण होऊन परत जमा करावी. त्याहून उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी. ही भरपाई ग्राहकाच्या अर्जाची वाट न पाहता द्यावयाची आहे. प्रयागराजच्या उदाहरणात ९ नोव्हेंबरपर्यंत पैसे परत येणे अपेक्षित होते. ते २९ नोव्हेंबरला आले, तर वीस दिवसांचा उशीर झाला आणि मूळ ५,००० रुपयांखेरीज २,००० रुपये भरपाई देय झाली. लॉजच्या नोंदीचा हिशेब स्वतंत्र. मूळ रक्कम परत आली या आनंदात भरपाईचा विसर पडणे हे पुष्कळ ठिकाणी घडते. न मागितलेली भरपाई मात्र पुष्कळदा मिळतही नाही.

ए.टी.एम.च्या तक्रारीला बहुधा ठरलेले उत्तर मिळते: यंत्राच्या नोंदीनुसार व्यवहार यशस्वी आहे. हे उत्तर अंतिम मानण्याचे कारण नाही. यंत्रात भरलेल्या नोटा, दिल्या गेलेल्या नोटा आणि उरलेल्या नोटा यांचा मेळ बँकेला घालावाच लागतो. एखाद्या ग्राहकाला नोटा मिळाल्या नसतील, तर त्या यंत्रात जादा निघतात. म्हणून अर्जात त्या दिवसाच्या रोकड मेळाची, यंत्राच्या नोंदवहीची आणि कॅमेऱ्याच्या चित्रणाची तपासणी करावी, अशी स्पष्ट मागणी असावी. चित्रण कायमचे जपले जात नाही, यास्तव ही मागणी पहिल्याच अर्जात झाली पाहिजे.

रात्री गेलेल्या २,४९९ रुपयांची जात निराळी. तो अनधिकृत व्यवहार आहे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक महत्त्वाचे ठरले. बँकेच्या चुकीने पैसे गेले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. बँक आणि ग्राहक यांपैकी कोणाचाच दोष नसून व्यवस्थेत अन्यत्र कोठे तरी भगदाड पडले असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्याची जबाबदारीही शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास मूलभूत बचत खात्याला कमाल ५,००० रुपये आणि साध्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपये इतका किंवा व्यवहाराच्या रकमेइतका, यांपैकी जो कमी असेल तो भार. सात दिवस उलटल्यावर बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू. हे दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरावयाचा नाही आणि कामकाजाचे दिवस ग्राहकाच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे धरावयाचे, हेही त्यात नमूद होते. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन किंवा सांकेतिक क्रमांक दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे.

या परिपत्रकातील दोन तरतुदी मुदतींपेक्षाही मोलाच्या होत्या. एक, ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकण्यात आली. दोन, तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत निकाल लावावा, असे बंधन घालण्यात आले. क्रेडिट आणि डेबिट यांमधील जी विषमता आरंभी सांगितली, तिच्यावर नेमका हाच उतारा आहे. वाद चालू असताना पैसा ग्राहकाकडे यावा आणि पुराव्याचे ओझे बलवानाने उचलावे, हे तत्त्व येथे मान्य झाले.

उरली भोजनालयाची नोंद, आणि खरी अडचण तेथेच आहे. कार्ड ग्राहकाचे, पिन ग्राहकाचा, व्यवहार पूर्ण झालेला. चूक फक्त आकड्यात. हा व्यवहार अपूर्ण नाही, म्हणून २०१९ चे परिपत्रक लागत नाही. तो अनधिकृतही नाही, म्हणून २०१७ चे परिपत्रकही उपयोगी पडत नाही. बिलातील साधी चूक या दोन्ही छत्रांच्या मधल्या फटीत उघडी राहिली. तिच्यासाठी मार्ग आहे, परंतु तो कार्डव्यवस्था चालविणाऱ्या जाळ्यांच्या नियमांतून जातो. त्याला चार्जबॅक म्हणतात.

तो समजण्यासाठी पडद्यामागची रचना पाहिली पाहिजे. कार्डाच्या व्यवहारात दोन बँका असतात: एक ग्राहकाला कार्ड देणारी, दुसरी दुकानदाराला यंत्र देणारी. दोहोंच्या मध्ये रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखे जाळे असते. ग्राहकाने आपल्या बँकेकडे हरकत घेतली की ती बँक जाळ्यामार्फत दुसऱ्या बँकेकडे रकमेची परत मागणी करते. दुसरी बँक दुकानदाराकडे बिलाचा पुरावा मागते. पुराव्यात ४३० रुपयांचे बिल आणि ४,३०० रुपयांची चिठ्ठी असेल, तर ३,८७० रुपये परत फिरतात. या साखळीचे वैशिष्ट्य असे की, साताऱ्याच्या माणसाला वाराणसीला जावे लागत नाही. गावातल्या वाण्याने जादा पैसे घेतले, तर ग्राहक संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन उभा राहू शकतो. प्रवाशाला हे शक्य नसते. अंतर हेच तेथे चुकीचे सर्वांत मोठे संरक्षण बनते. चार्जबॅकमुळे ते अंतर नाहीसे होते. मात्र शाखेतील कर्मचारी अनेकदा सांगतो की, पिन तुम्हीच दिला, आता दुकानदाराशी बोला. हा सल्ला अपुरा आहे. दुकानदाराशी अवश्य बोलावे, त्याने चूक मान्य केली तर तीच सर्वांत जवळची वाट. परंतु तेवढ्यासाठी बँकेकडील लेखी हरकत लांबवू नये, कारण चार्जबॅकची मुदत ठरलेली असते, ती हरकतीच्या प्रकारानुसार बदलते आणि फोनवरील आश्वासने ऐकण्यात ती निघून जाते.

दुकानदाराविषयीही न्यायबुद्धी ठेवली पाहिजे. लॉजच्या उदाहरणात दुसऱ्यांदा कापलेले पैसे लॉजवाल्याकडे पोहोचलेलेच नसण्याचा संभव अधिक आहे. पैसे दोन बँकांच्या मधल्या हिशेबात कोठे तरी अडकलेले असतात, आणि अशा वेळी प्रवासी लॉजवाल्याला चोर म्हणतो, लॉजवाला प्रवाशाला लबाड म्हणतो. दोन सामान्य माणसे एकमेकांशी भांडत बसतात आणि ज्यांच्या वह्यांत रक्कम पडून आहे, त्या संस्था त्या भांडणापासून दूर राहतात. मोठ्या हॉटेलात आणखी एक प्रकार आढळतो. खोली देतानाच अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर रोखून ठेवली जाते. क्रेडिट कार्डावर त्यामुळे फक्त पतमर्यादा घटते. डेबिट कार्डावर खात्यातील खरे पैसे अडतात. खोली सोडताना अंतिम बिलाबरोबर ही रोखलेली रक्कम मोकळी केल्याची चिठ्ठी मागून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

काही नोंदी चुकीसारख्या दिसतात, पण चुका नसतात, हेही सांगितले पाहिजे. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि पासबुकात त्याच्या मालक कंपनीचे दुसरेच नाव, असे वारंवार घडते. व्यवहाराची तारीख आणि खात्यावर नोंद होण्याची तारीख यांतही फरक पडतो. प्रवासात परक्या बँकेचे ए.टी.एम. वापरले जाते आणि विनामूल्य व्यवहारांची संख्या ओलांडली की शुल्क लागते. १ मे २०२५ पासून या शुल्काची कमाल मर्यादा प्रत्येक व्यवहाराला २३ रुपये अधिक कर अशी झाली. परंतु यंत्रात नोटा नाहीत किंवा तांत्रिक बिघाड आहे म्हणून फसलेला व्यवहार विनामूल्य व्यवहारांच्या संख्येत धरू नये, असे रिझर्व्ह बँकेने १४ ऑगस्ट २०१९ रोजी स्पष्ट केले. बिघडलेल्या यंत्रासाठी प्रवाशाने शुल्क भरण्याचे कारण नाही.

मुलाकडे परदेशी जाऊन येणारे आईवडील आणि आखातातील कामगार यांनी दोन गोष्टी अधिक ध्यानात ठेवाव्यात. २०१९ च्या परिपत्रकातील पाच दिवसांची मुदत व शंभर रुपयांची भरपाई भारतातल्या भारतात झालेल्या व्यवहारांपुरतीच होती; परदेशातील फसलेल्या व्यवहारासाठी चार्जबॅकचाच मार्ग धरावा लागतो. तसेच परदेशातील यंत्र कधी कधी विचारते, रुपयांत आकारू की स्थानिक चलनात? रुपयांचा पर्याय आपलासा वाटतो, पण त्यातील विनिमयदर दुकानदाराच्या बाजूचा असतो आणि तो बहुधा महाग पडतो. स्थानिक चलन निवडणे सामान्यतः हिताचे. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार कार्डाचा परदेशी आणि ऑनलाइन वापर ग्राहकाला सुरू वा बंद करता येण्याची सोय बँकांना द्यावी लागली. घरी परतताच हा वापर बंद करणे म्हणजे घराला कुलूप लावण्यासारखेच आहे.

आता तुलनेसाठी भांडवलशाहीच्या माहेरघराकडे पाहावे. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या बिलांतील चुकांविषयी १९७४ साली कायदा झाला. चौकशी चालू असेपर्यंत ग्राहकाने वादग्रस्त रक्कम भरण्याचे कारण नाही, असे त्यात ठरले. १९७८ साली इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरणाचा कायदा आला आणि डेबिट व्यवहारांतील चुकांना त्याने हात घातला. त्या कायद्यातील चुकीच्या व्याख्येत अनधिकृत व्यवहाराबरोबर चुकीच्या रकमेचा व्यवहारही येतो. ग्राहकाने खात्याचा उतारा मिळाल्यापासून साठ दिवसांत चूक कळवावी. बँकेने दहा कामकाजी दिवसांत चौकशी पुरी करावी. अधिक वेळ हवा असेल तर आधी रक्कम तात्पुरती जमा करावी आणि मग सामान्यतः पंचेचाळीस दिवसांपर्यंत, दुकानातील डेबिट वा परदेशी व्यवहारांत नव्वद दिवसांपर्यंत चौकशी करावी. तेथेही ग्राहकाने उशीर केला तर त्याचा भार वाढत जातो. परंतु ४३० चे ४,३०० झाले असता, ग्राहकाला तेथे जाळ्याच्या नियमांवर विसंबावे लागत नाही. देशाचा कायदा त्याच्या पाठीशी असतो. बाजारपेठेचा अभिमान बाळगणाऱ्या देशालाही बाजारपेठेतील चुका बाजारपेठेवर सोडता आल्या नाहीत, यात बोध घेण्यासारखे पुष्कळ आहे. २०१७ च्या परिपत्रकातील तात्पुरत्या जमेचे तत्त्व आपल्याकडेही बिलातील साध्या चुकीला लागू झाले पाहिजे, आणि त्याला संसदेच्या कायद्याचे बळ मिळाले पाहिजे. या विषयातील मुख्य मागणी हीच असली पाहिजे.

यावर बँकांच्या बाजूने एक आक्षेप येईल. प्रत्येक तक्रारदाराला आधी पैसे दिले तर लबाडांचे फावेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु तात्पुरती जमा ही कायमची जमा नव्हे. तक्रार खोटी ठरल्यास ती परत घेता येते. खाते बँकेकडे, ओळखपत्र बँकेकडे, पत्ता बँकेकडे. लबाड ग्राहकाला गाठणे बँकेला जितके सोपे आहे, तितके चुकार बँकेला गाठणे ग्राहकाला कधीच सोपे नसते. दोन बाजूंपैकी एकीला जोखीम पत्करावीच लागणार असेल, तर ती ज्या बाजूला पेलते तिने पत्करावी, हा न्यायाचाही नियम आहे आणि अर्थशास्त्राचाही.

कायदा सुधारेपर्यंत हातातील साधने मात्र पूर्णपणे वापरली पाहिजेत. यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीची शाई काही महिन्यांत उडते. म्हणून तिचे छायाचित्र लगेच काढावे. चिठ्ठीवरील यंत्राचा क्रमांक, मंजुरीचा क्रमांक आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक यांवरून व्यवहार शोधता येतो. अर्जात हे तिन्ही लिहावेत. बँकेशी फोनवर बोलणे झाले तरी अर्ज लेखीच द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज मराठीत देण्यास संकोच बाळगू नये. ग्राहकांसाठीचे छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत ठेवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. बँकेचा दूरध्वनी क्रमांक कार्डाच्या पाठीवरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून काढलेल्या क्रमांकावर पुष्कळदा ठग बसलेले असतात, आणि पैसे परत देण्याच्या मिषाने उरलेलेही नेतात. पैसे परत घेण्यासाठी पिन द्यावा लागत नाही, एवढे एक वाक्य घराघरांत पोहोचले तरी पुष्कळ नुकसान टळेल. फसवणूकच झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर लोकपालाचा मार्ग आहे. बँकिंग लोकपालाची पहिली योजना १९९५ साली आली. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी निरनिराळ्या योजना एकत्र करून एकात्मिक योजना सुरू झाली. तिच्याकडे तक्रार करण्यास शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. त्यातील एक तरतूद प्रवाशाच्या दृष्टीने क्रांतिकारक म्हणावी लागेल. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे त्याला दाद मागता येते. चूक वाराणसीत घडली तरी साताऱ्यात दावा करता येतो; दोन वर्षांची मुदत असते.

एवढे मार्ग असूनही बहुसंख्य लोक तक्रार करीत नाहीत, याचे कारण अज्ञान हे एकच नाही. ३,८७० रुपयांसाठी शाखेत चार खेपा, चार दिवसांची रोजी, झेरॉक्स आणि एस.टी.चे भाडे यांचा हिशेब मांडला, तर मजुराला गप्प बसणे हेच शहाणपणाचे वाटते. त्याचा हिशेब चुकीचा नाही. मॅन्कर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखविले की, मोठ्या समूहातील प्रत्येकाचा वाटा लहान असेल, तर समान हित असूनही तो समूह आपोआप संघटित होत नाही. मूठभरांचे हित मोठे असेल तर ते मात्र सहज संघटित होतात. लाखो प्रवाशांचे शेकडा-हजारांचे नुकसान विखुरलेले राहते ते याचमुळे.

विखुरलेल्यांना एकत्र आणणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, आणि महाराष्ट्राला ते अपरिचित नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. महागाईविरुद्ध लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांचे आंदोलन १९७२ चे. किराण्याच्या भावासाठी जे झाले, ते पासबुकातील नोंदीसाठी होऊ शकते. प्रत्येक तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक संध्याकाळ दोन कार्यकर्ते टेबल मांडून बसले, नोंदी वाचून त्यांची जात ठरवू लागले, प्रत्येकीसाठी वेगळा अर्ज लिहून देऊ लागले आणि मुदतींची वही ठेवू लागले, तर त्यासाठी निधी लागत नाही. एकाच बँकेच्या, एकाच प्रकारच्या वीस तक्रारी एका वहीत जमा झाल्या की ती वही हाच पुरावा होतो. शाखाधिकाऱ्याला तिच्याकडे दुर्लक्ष करणे जड जाते, आणि कायद्यातील फट बुजविण्याची मागणी करताना लोकप्रतिनिधीच्या हाती ठोस काही देता येते.

यंत्रे चुका करतात, माणसेही करतात. चूक न करणारी व्यवस्था कोणीही मागत नाही. मागणी एवढीच आहे की, चुकीचा निवाडा होईपर्यंत गरिबाचा पैसा गरिबाच्या खात्यात राहावा, आणि जाब देण्याचे काम ज्याच्या हाती वह्या आहेत त्याने करावे.